हृदयाचे कप्पे आणि खाडीचा चिखल

रबाळे येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी उभं आयुष्य विज्ञान शिकवण्यात घालवलं. म्हणून मी विषयही शाळेच्या पुस्तकातलाच निवडला आहे. माशाचं हृदय दोन कप्प्यांचं, बेडकाचं तीन, पक्ष्यांचं आणि आपलं चार. हे इथं बसलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी पाठ केलेलं आहे, आणि ते बरोबरही आहे. माझी तक्रार त्याच्या मांडणीविषयी आहे. कप्पे असे चढत्या भाजणीनं मांडले की ऐकणाऱ्याला वाटतं, निसर्ग चार कप्प्यांच्या हृदयाकडेच निघाला होता. मासा पहिल्या मुक्कामाला अडकला, बेडूक दुसऱ्या, आणि पोहोचलो ते आपण. हा समज चुकीचा आहे आणि त्यानं आपलं नुकसानही होतं. ते दाखवायला फार लांब जावं लागणार नाही. रबाळे स्टेशनच्या पश्चिमेला तिवरांची रांग ओलांडली की ठाण्याची खाडी आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या तिथल्या चिखलात आणि त्यावर येणाऱ्या पाण्यात, शरीरात रक्त खेळवण्याचे बहुतेक सगळे प्रकार आपापलं आयुष्य व्यवस्थित जगत असतात.

सुरुवात रक्ताच्या आधीपासून करू. प्रत्येक जिवंत पेशीला अन्न आणि प्राणवायू हवा असतो आणि तिच्यातला कचरा बाहेर जायला हवा असतो. पेशी पाण्याला लागून असेल तर हे काम आपोआप होतं. रेणू सतत इकडेतिकडे धडपडत असतात आणि जिथं जास्त आहेत तिथून कमी असलेल्या जागी पसरतात. याला विसरण म्हणतात. विसरण फुकट आहे, पण त्याचं गणित फार कडक आहे: अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. पाण्यातून प्राणवायूला मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे एका पेशीएवढं अंतर जायला सेकंदाचा साधारण चाळिसावा भाग पुरतो. एक मिलिमीटर जायला चार मिनिटं. एक सेंटिमीटर जायला सात तास. आणि एक मीटर जायला सुमारे आठ वर्षं. तुमच्या छातीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत प्राणवायू असा पाठवायचा ठरवला तर काय होईल ते सांगायला नको. रक्ताभिसरणाचा सगळा खटाटोप या एका अडचणीवरचा उपाय आहे. अडचण अंतराची आहे. ज्याला अंतरच नाही त्याला हृदयाची गरज नाही.

म्हणूनच जेलीफिशला हृदय नाही, रक्तही नाही. ती चांगली ताटाएवढी वाढते, मग तिचं कसं चालतं? तिचं अंग बहुतेक पाणीदार जेलीचं असतं आणि त्या जेलीला प्राणवायू जवळपास लागतच नाही. जिवंत पेशी बाहेरच्या आणि आतल्या पातळ थरांत असतात, म्हणजे एक ना एक बाजू पाण्याला लागूनच. पोटातून फुटलेल्या नळ्यांमधून अन्नमिश्रित पाणी कडेपर्यंत फिरतं. पोहण्यासाठी छत्री आकसते तेव्हा तेही ढवळलं जातं. चपट्या कृमींनी याहून सोपा मार्ग घेतला: अंगच इतकं पातळ ठेवलं की कुठलीही पेशी पृष्ठभागापासून लांब पडू नये. कागदासारखं चपटं असणं हेच त्यांचं अभिसरण. प्राणी बारीक आहे किंवा संथ आहे तोवर ही व्यवस्था अगदी पुरेशी ठरते, आणि ती कोट्यवधी वर्षं पुरलेली आहे.

आता चिंबोरीकडे येऊ. ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे, आणि तिच्यावर पाठ्यपुस्तकानं थोडा अन्याय केला आहे असं माझं मत आहे.

चिंबोरी साफ करताना पाठीची ढाल काढली की मधोमध, किंचित मागच्या बाजूला, एक पांढुरकी पिशवी दिसते. ते हृदय. त्यातून धमन्या निघतात, त्यांच्या फांद्या होतात, पण शेवटी त्या उघड्या सुटतात. रक्त अवयवांच्या भोवतीच्या पोकळ्यांमध्ये पसरतं, पेशींना थेट न्हाऊ घालतं, मग कल्ल्यांमधून जाऊन हृदयाभोवतीच्या कोषात येतं आणि हृदयाच्या भिंतीतल्या झडपांच्या छिद्रांतून पुन्हा आत शिरतं. परतीच्या शिरा नाहीत. म्हणून या पद्धतीला खुलं अभिसरण म्हणतात. आपलं ते बंद, कारण रक्त नळ्यांच्या बाहेर पडत नाही. ‘खुलं’ म्हटलं की आपण ते ढिसाळ समजतो. पण खेकड्याच्या मेंदूजवळच्या वाहिन्या पाहिल्या तर त्या केसासारख्या बारीक होत गेलेल्या दिसतात. जिथं पुरवठा नेमका हवा तिथं तो नेमका आहे, आणि जिथं नको तिथं नळ्या बांधण्याचा खर्च वाचवला आहे.

या खुल्या व्यवस्थेला एक मोठा धोका संभवतो. एखादा पाय तुटला तर सगळं रक्त वाहून जाईल, कारण आत सगळ्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या. कोळ्याच्या हातात चिंबोरीचा नुसता पाय राहतो आणि चिंबोरी पळते, हे खाडीकाठच्या माणसानं पाहिलेलं असतंच. तो पाय चिंबोरीनंच टाकलेला असतो. पायाच्या बुडाशी एक ठरलेली रेषा आहे. पाय तिथंच तुटतो, आणि त्या रेषेवर आधीपासून असलेला पडदा लगेच जखम बंद करतो. पुढच्या कातीला नवा पाय येऊ लागतो. कात टाकल्यावरची मऊ चिंबोरी पाणी शोषून फुगते. नवं कवच कडक होईपर्यंत तिच्या अंगाला आधार देण्याचं काम आतल्या द्रवाचा दाबच करतो. म्हणजे तिचं रक्त वाहतूक करतं, काही दिवस सांगाड्याचं कामही करतं. आपल्या रक्ताला हे जमणारं नाही.

त्या रक्ताचा रंग कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ते तुटलेल्या पायातून पाण्यासारखं गळतं. हवेत थोडं राहिलं की निळसर झाक येते. आपल्या रक्तात प्राणवायू धरून ठेवायला हीमोग्लोबिन आहे, त्यात लोह असतं. चिंबोरीच्या रक्तात हीमोसायनिन आहे, त्यात तांबं असतं. तांब्याला प्राणवायू चिकटला की रंग निळा, सुटला की रंग नाहीसा. कोळंबीचंही तसंच. इथं औषधनिर्मितीत काम करणारे श्रोते असतील, त्यांना आणखी एक निळं रक्त ठाऊक असेल: नालाकृती खेकड्याचं. आपल्या देशात तो ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर सापडतो. नावात खेकडा असला तरी तो विंचू-कोळ्यांना जवळचा. जिवाणूंच्या विषाचा अंश लागताच त्याचं रक्त गोठतं, हे अमेरिकेत फ्रेडरिक बँग यांनी 1956 साली दाखवलं. टोचून द्यायची औषधं शुद्ध आहेत का, हे तपासण्याची जगभर वापरली जाणारी चाचणी त्यातूनच आली.

कोळंबीचं नाव निघालं आहे तर विल्यम हार्वे यांच्याविषयी बोललंच पाहिजे. रक्त शरीरात गोल फिरतं, हे त्यांनी 1628 साली लॅटिन ग्रंथ लिहून सिद्ध केलं. त्याआधी युरोपात सुमारे चौदाशे वर्षं प्राचीन ग्रीक वैद्य गेलनचं मत चालत होतं: यकृतात अन्नापासून रक्त तयार होतं आणि शरीर ते खर्चून टाकतं. हार्वे यांनी साधा हिशेब मांडला. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं, अर्ध्या तासात ठोके किती पडतात, गुणाकार करा. उत्तर शरीरातल्या सगळ्या रक्ताहून जास्त येतं. आजचे आकडे घेतले तर ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, मिनिटाला 70 ठोके, म्हणजे मिनिटाला जवळपास 5 लिटर, तासाला 300 लिटर. इतकं रक्त जेवणातून तयार होणं शक्य नाही. तेव्हा तेच रक्त परत येत असलं पाहिजे.

या हिशेबाची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. हार्वे यांनी किती जातींचे प्राणी पाहिले ते मात्र कमी सांगितलं जातं. कुत्र्याचं किंवा डुकराचं हृदय इतकं भरभर चालतं की आकसतं कधी आणि सैल पडतं कधी हे डोळ्याला कळत नाही. म्हणून ते थंड रक्ताच्या प्राण्यांकडे वळले: बेडूक, साप, मासे, गोगलगायी. आणि थेम्स नदीत व समुद्रात मिळणारी एक बारीक पारदर्शक कोळंबी. तिला पाण्यात ठेवून ते स्वतः बघत आणि मित्रांना दाखवत, कारण तिच्या अंगातून हृदयाची हालचाल थेट दिसते. फक्त माणसाचं प्रेत उघडून सगळ्या प्राण्यांविषयी मत बनवणाऱ्यांना त्यांनी त्याच ग्रंथात स्पष्ट दोष दिला आहे. आपल्या खाडीत पाग टाकला की जी इवली काचेसारखी कोळंबी वर येते, तशीच एक कोळंबी आधुनिक वैद्यकाच्या पायाशी आहे, ही गोष्ट इथल्या मुलांना मुद्दाम सांगायला हवी असं मला वाटतं. भिंग आणि बशीभर पाणी एवढ्यावर हा प्रयोग शाळेत होऊ शकतो.

हार्वे यांना एक दुवा मात्र दिसला नाही. धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून? ते 1657 साली वारले. 1661 साली इटलीत मार्चेल्लो माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचं फुप्फुस धरलं आणि केशवाहिन्या पाहिल्या. माल्पिघी यांचा जन्म 1628 सालचा, म्हणजे हार्वे यांचा ग्रंथ आला त्याच वर्षीचा. उत्तर पुन्हा बेडकानंच दिलं.

आता चिखलात खाली जाऊ. खाडीच्या गाळात दोन बोटं खणलं की सडका वास येतो, कारण तिथं प्राणवायू जवळपास नसतो. त्याच गाळात लाल अंगाचे कृमी राहतात. ते लाल दिसतात ते रक्तामुळे. गांडुळाच्याच कुळातले हे प्राणी. त्यांचं अभिसरण आपल्यासारखं बंद, नळ्यांमधलं. गांडुळात तर हीमोग्लोबिन रक्तपेशीत न ठेवता थेट द्रवात विरघळलेलं असतं आणि त्याचा रेणू आपल्या हीमोग्लोबिनच्या मानानं राक्षसी मोठा असतो. म्हणजे पाहा, गांडुळाचं अभिसरण बंद आणि चपळ चिंबोरीचं खुलं. मग वरचं कोण आणि खालचं कोण? गटारात आणि साचलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या लाल अळ्याही पाहिल्या असतील. त्या डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीच्या अळ्या. कीटकांच्या रक्तात सहसा हीमोग्लोबिन नसतं, पण घाण पाण्यात प्राणवायू तुटपुंजा, म्हणून यांनी ते राखलं आहे. पाणी बिघडत गेलं की असे हीमोग्लोबिनवाले जीव वाढतात आणि बाकीचे निघून जातात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले त्यानंतरचा खाडीचा इतिहास या दृष्टीनं वाचायला हवा.

कीटकांचा विषय निघाला म्हणून झुरळ. त्याच्या पाठीत शेपटीपासून मानेपर्यंत जाणारी एक नळी असते, तेच हृदय, आणि तिचे कप्पे तेरा. कप्प्यांवरून मोठेपण ठरत असतं तर झुरळानं आपल्याला केव्हाच मागं टाकलं असतं. त्याचं रक्त प्राणवायू वाहतच नाही. हवा अंगावरच्या छिद्रांतून बारीक नळ्यांवाटे सरळ पेशींपर्यंत पोहोचते. म्हणून रक्त बिनरंगी आणि संथ असलं तरी कीटक प्राणिसृष्टीतले उत्तम उडणारे असू शकतात.

तिसऱ्या आणि माकूळ यांची जोडी मला विशेष आवडते. दोन्ही मृदुकाय, म्हणजे एकाच घराण्यातले. तिसरी शिंपल्यात बसून पाणी गाळून खाते. तिचं अभिसरण खुलं, हृदय लहान. या शिंपल्यांच्या बहुतेक जातींमध्ये आतड्याचा शेवटचा भाग हृदयाच्या निलयातून, म्हणजे रक्त ढकलणाऱ्या कप्प्यातून, आरपार जातो. ओहोटीला शिंपला मिटला की तिचं हृदय मंदावतं, आणि भरती आली की पुन्हा वेग घेतं. माकूळ मात्र शिकारी. त्याला झेप घ्यायची असते, रंग बदलायचा असतो, मोठा मेंदू चालवायचा असतो. त्याच्याकडे बंद नळ्या आहेत आणि तीन हृदयं: दोन कल्ल्यांमधून रक्त ढकलायला आणि एक बाकीच्या अंगासाठी. घराणं एक, व्यवस्था दोन. फरक जगण्याच्या वेगाचा.

मासा. त्याच्या हृदयात एक अलिंद, म्हणजे रक्त आत घेणारा कप्पा, आणि एक निलय. रक्त हृदयातून आधी कल्ल्यांत जातं, तिथं प्राणवायू घेतं आणि तिथूनच परस्पर सगळ्या अंगात जाऊन परत येतं. एका फेरीत एकदाच हृदय लागतं. कल्ल्यांच्या अरुंद वाहिन्यांतून जाताना दाबाचा बराच भाग खर्च होतो, आणि पुढच्या अंगाला उरलेल्या दाबावर भागवावं लागतं, जसं इमारतीत खालच्या नळांनी पाणी ओढल्यावर वरच्या मजल्यावर धार बारीक होते. पाण्यात अंगाचं वजन पाणीच पेलतं, त्यामुळे माशाला हे परवडतं. अडचण दुसरीच आहे. बहुतेक माशांच्या हृदयाच्या आतल्या जाळीदार स्नायूला जे रक्त मिळतं ते अंगभर फिरून आलेलं, प्राणवायू संपत आलेलं. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की टंचाईचा फटका पंपालाच बसतो. उन्हाळ्यात तळ्यातले मासे वर येऊन तोंडं उघडतात त्यामागं हेही एक कारण आहे.

निवटीनं यावर मार्ग काढला. ओहोटीच्या चिखलावर टुणटुण उड्या मारणारी निवटी हा मासाच आहे, हृदय माशाचंच आहे, कप्पा एकही वाढलेला नाही. तिनं कातडीत आणि तोंडाच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणून ठेवलं आहे आणि अंग ओलं ठेवून ती हवेतूनच प्राणवायू घेते. जमिनीवर यायला तीन कप्पे लागतात असं पाठ केलेल्या विद्यार्थ्यानं तिच्यासमोर पाच मिनिटं बसावं.

बेडकाच्या तीन कप्प्यांविषयी आपण शिकतो की शुद्ध आणि अशुद्ध रक्त निलयात मिसळतं, आणि ते दोष असल्यासारखं शिकतो. पण बेडूक कातडीनंही श्वास घेतो. कातडीतून प्राणवायू घेतलेलं रक्त फुप्फुसाच्या बाजूला न जाता अंगाच्या रक्ताबरोबर उजव्या अलिंदात येतं. मग मधे भिंत घालून फायदा काय? पाण्याखाली बसलेल्या बेडकाची फुप्फुसं निकामी असतात, तेव्हा रक्त तिकडं पाठवणं वाया. एकच निलय असल्यामुळे तो गरजेप्रमाणे रक्त कुठंही वळवू शकतो. मगरीचं तर याहून पुढं आहे. सांगलीजवळ कृष्णेत, चिपळूणजवळ वाशिष्ठीत आपल्याकडे मगरी आहेत. मगरीचं हृदय पूर्ण चार कप्प्यांचं. पण तिच्या उजव्या निलयातूनही अंगाकडे जाणारी एक महाधमनी निघते, आणि दोन महाधमन्यांना जोडणारं एक छिद्र असतं. फुप्फुसाकडे जाणारी वाट आवळून ती रक्त परस्पर अंगाकडे वळवू शकते. डुबी मारताना हे होतं असं म्हणतात. जेवल्यावर जठरात आम्ल तयार व्हायलाही त्या रक्ताचा उपयोग होतो असं काही शास्त्रज्ञांचं मत आहे. आपल्या हृदयाला ही सोय नाही.

इथून मी परळला जातो, कारण समज चुकीचा असला की नुकसान होतं असं मी म्हटलं, आणि समज सोडला की काय हाती लागतं ते परळच्या केईएम रुग्णालयात दिसलं.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचं नाव आपल्याकडे एका शस्त्रक्रियेसाठी सांगितलं जातं. फेब्रुवारी 1968 मध्ये त्यांनी केईएममध्ये भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं केलं त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. पण मला त्यांचं त्याआधीचं काम अधिक मोलाचं वाटतं.

आपल्या हृदयाच्या स्नायूची एक विचित्र परिस्थिती आहे. त्याच्या पोकळीतून मिनिटाला पाच लिटर रक्त जातं, पण जाड भिंतीला त्यातलं जवळजवळ काही मिळत नाही. भिंतीला रक्त पुरवतात त्या बाहेरून वेढणाऱ्या परिहृद धमन्या. त्या चोंदल्या की पोकळी रक्तानं भरलेली असताना भिंत उपाशी मरते. त्यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो. सापाच्या हृदयात असं नाही. त्याचा निलय आतून स्पंजासारखा जाळीदार असतो. पोकळीतलं रक्त थेट स्नायूंच्या फटींत शिरतं आणि त्यांना पोसतं. सेन आणि त्यांचे सहकारी टेहमटन उडवाडिया, एस. जी. किनरे आणि जी. बी. परुळकर यांनी विचार केला: माणसाच्या हृदयालाही पोकळीतूनच रक्त देता आलं तर? त्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची धमनी बांधली आणि निलयाच्या भिंतीत सुईनं आरपार बारीक वाटा पाडून पाहिल्या. त्यांचा निबंध 1965 साली छाती आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेला वाहिलेल्या अमेरिकी नियतकालिकात आला. या पद्धतीला पुढं ‘स्नेक हार्ट’ शस्त्रक्रिया असं नावही पडलं.

पुढं काय झालं तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. 1967 साली अमेरिकेत रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपास शस्त्रक्रिया केली आणि बहुतेकांची वाट तिकडं वळली. सुईची कल्पना 1980 च्या दशकात लेसर घेऊन परत आली. 1998 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तिला मान्यता दिली. पण पाडलेल्या वाटा काही दिवसांत बुजतात असं दिसून आलं. काही रुग्णांच्या छातीतल्या कळा कमी झाल्या, त्या नव्या बारीक वाहिन्या फुटल्यामुळे, की तिथले मज्जातंतू जळाल्यामुळे, की उपचार झाल्याच्या विश्वासामुळे, यावर वाद राहिला. माणसाचं हृदय सापाचं झालं नाही. तरीही मला हे काम मोठं वाटतं, कारण ज्या हृदयाला पुस्तक अपूर्ण म्हणतं त्यात परळच्या या डॉक्टरांना आपल्या हृदयात नसलेली सोय दिसली. ती पाहायला कप्पे मोजणं बाजूला ठेवावं लागतं.

मग चार कप्पे कशासाठी? हिवाळ्यात आपल्या खाडीवर रोहित पक्षी येतात. 2015 साली इथं त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 साली ठाणे खाडीची रामसर पाणथळींच्या यादीत नोंद झाली. रोहितचं शरीर गरम ठेवावं लागतं, आणि त्याचा खर्च प्रचंड असतो. तेवढ्याच वजनाच्या सरड्याच्या साधारण दहापट इंधन गरम रक्ताच्या प्राण्याला नुसतं बसून लागतं. त्यासाठी अंगाकडे रक्त जोरात पाठवायला हवं. पण तोच जोर फुप्फुसाच्या नाजूक पडद्यांवर पडला तर त्यांत पाणी झिरपेल. म्हणून दोन वेगळे दाब, आणि मधे बिनछिद्राची भिंत. आपल्या अंगाकडचा दाब 120 च्या आसपास, फुप्फुसाकडचा 25 च्या आसपास. हे उत्तर पक्ष्यांनी आणि सस्तन प्राण्यांनी एकमेकांकडून घेतलेलं नाही, दोघांनी स्वतंत्रपणे काढलेलं आहे. पुरावा शरीरातच आहे: आपली महाधमनी डावीकडे वळते, पक्ष्यांची उजवीकडे. आणि उत्तर एकच असलं तरी वेग प्रत्येकाचा निराळा. एट्रस्कन चिचुंद्रीचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास, तिचं हृदय मिनिटाला हजाराच्या वर ठोके देतं. 2015 च्या जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला निळ्या देवमाशाचं पिल्लू लागलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. निळ्या देवमाशाच्या छातीवर यंत्र चिकटवून कॅलिफोर्नियात ठोके मोजले, तेव्हा खोल बुडीत ते मिनिटाला दोनपर्यंत उतरलेले आढळले. दोघांचे कप्पे चारच.

शेवटचा भाग आपल्या स्वतःच्या हृदयाचा. गर्भात तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते पहिल्यांदा धडधडतं तेव्हा ती एक साधी नळी असते. मग ती मुडपते, फुगते आणि आत पडदे वाढतात. हे सुरू करणाऱ्या जनुकांपैकी एक फळमाशीत सापडलं. ते नसलं तर माशीला हृदयाची नळी तयारच होत नाही, म्हणून गोष्टीतल्या हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून त्याला टिनमॅन नाव मिळालं. माणसात त्याचंच भावंड आहे, आणि त्यात बिघाड असलेल्या काही कुटुंबांत मुलं अलिंदांमधल्या पडद्याला छिद्र घेऊन जन्मतात, हे 1998 साली दाखवलं गेलं. केळ्यावर घोंगावणाऱ्या माशीची आणि आपली ही नाळ.

गर्भाला फुप्फुसं वापरायची नसतात, प्राणवायू आईकडून येतो. तेव्हा त्याचं हृदय फुप्फुसाला वळसा घालतं, मगरीसारखंच. दोन अलिंदांमध्ये एक खिडकी उघडी असते आणि फुप्फुसाची धमनी महाधमनीला जोडणारी एक नळी असते. जन्मल्यावर पहिल्या श्वासांबरोबर डाव्या बाजूचा दाब वाढतो, खिडकीवरची झडप दाबली जाते, आणि पुढच्या काळात ती चिकटून बंद होते. पण सगळ्यांची नाही. सुमारे चारात एका प्रौढाच्या हृदयात ही झडप पूर्ण चिकटलेली नसते, आणि बहुतेकांना ते जन्मभर कळतही नाही. खोल पाण्यात सिलिंडर लावून उतरणाऱ्या माणसाला मात्र ते कळलेलं बरं. वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे झाले तर एरवी ते फुप्फुसात अडकून विरतात. खिडकी किलकिली असेल तर ते थेट मेंदूकडे जाऊ शकतात. पाण्याखाली मगरीच्या उपयोगी पडणारी वाट तिथंच माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून पाणबुड्याचं काम करणाऱ्याला बुडीनंतर एकदा जरी अर्धांगासारखी लक्षणं दिसली, तर त्यानं पुन्हा उतरण्याआधी इकोकार्डिओग्राफीनं ही खिडकी तपासून घ्यावी.